प्रत्येक श्वास ठरवून घेणारा मेंदू

रविवारी मटणाबरोबर भेजा आणला की तो साफ करायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असतं. नळाच्या बारीक धारेखाली तो तळहातावर धरायचा आणि वरचा पातळ, लाल रेघारेघांचा पापुद्रा बोटाने हळूहळू सोलायचा. जरा घाई केली की भेजा फाटतो, इतका तो मऊ. पापुद्रा निघाला की वळ्या स्वच्छ दिसतात, मधली खाच दिसते, मागे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा लहान मेंदू दिसतो. मी ऐरोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ओट्यावरचा हा धडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

परवा सातवीतली माझी मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "बाबा, डॉल्फिनचा भेजा केवढा असतो?" मी म्हटलं, "आपल्यापेक्षा थोडा मोठाच." तिचा पुढचा प्रश्न लगेच आला, "म्हणजे तो आपल्यापेक्षा हुशार?"

हा प्रश्न मला वर्गातही दरवर्षी येतो. त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं देऊन टाकलं की सगळी गंमतच संपते. मेंदू किती मोठा आहे यापेक्षा तो कशासाठी घडला आहे हे बघायला लागलं, की समुद्रातल्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूइतकी विलक्षण वस्तू दुसरी सापडणार नाही.

आधी आकड्यांचं बघू, म्हणजे तो विषय बाजूला होईल. माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा. आपण चित्रात बघतो त्या बाटलीनाक्या डॉल्फिनचा सुमारे १,६०० ग्रॅम. हत्तीचा साडेचार ते पाच किलो. आणि पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा मेंदू आहे स्पर्म व्हेल या देवमाशाचा, जवळपास ८ किलो. वजनावरच हुशारी ठरली असती तर आपण चौथ्या-पाचव्या बाकावर बसलो असतो.

पण मोठ्या शरीराला मोठा मेंदू लागणारच. म्हणून हॅरी जेरिसन या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक हिशेब रूढ केला. एखाद्या वजनाच्या प्राण्याचा मेंदू साधारण केवढा असायला हवा ते काढायचं आणि प्रत्यक्षातला मेंदू त्याच्या किती पट आहे ते बघायचं. या मोजणीत माणूस ७ च्या आसपास येतो, बाटलीनाक्या डॉल्फिन ४ च्या, चिंपांझी अडीचच्या. ८ किलोच्या मेंदूचा स्पर्म व्हेल मात्र १ च्याही खाली जातो! मला हा हिशेब फार पटत नाही. देवमाशाच्या वजनात चरबीचा वाटा प्रचंड असतो, आणि चरबी सांभाळायला मेंदू फारसा लागत नाही. हिवाळ्यात गोधडी पांघरली म्हणून कुणाची अक्कल कमी होत नाही.

तर आकडे ठेवू बाजूला आणि परत ओट्याकडे येऊ.

बोकडाचा भेजा नीट, कवटीतून अखंड निघाला असेल तर पुढच्या टोकाला दोन छोटे गोळे दिसतात. ते वास ओळखणारे कंद. गवत कोणतं खायचं, कोण आलं, कोण माजावर आहे, हे सगळं बोकड नाकाने वाचतो. आता गोष्ट अशी आहे की बोकड आणि डॉल्फिन हे लांबचे चुलतभाऊ आहेत. गाय, शेळी, हरीण, डुक्कर, पाणघोडा या खुरवाल्या गणातूनच देवमासे आणि डॉल्फिन निघाले. पाणघोडा हा त्यांचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग. आपण 'देवमासा' म्हणतो खरं, पण त्यातला 'मासा' फसवा आहे.

या नात्याचा एक मोठा पुरावा आपल्या देशातच मिळाला. जम्मूतल्या कालाकोट भागात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी खडकांचे तुकडे गोळा करून ठेवले होते. ते गेल्यानंतर त्या खडकांतून हाडं मोकळी केली गेली, आणि २००७ मध्ये हान्स थेविसन यांच्या गटाने जाहीर केलं की सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा 'इंडोह्यस' हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. ओळख कशावरून पटली? कानाच्या हाडावरून. त्या हाडाची एक बाजू जाड होती, आणि तशी जाड बाजू देवमाशांच्या कुळातच दिसते. म्हणजे शरीर अजून जमिनीवरच्या प्राण्याचं आणि कान मात्र पुढच्या प्रवासाची तयारी करून बसलेला. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण पुढे या कुळाच्या मेंदूत जे काही घडलं त्यातलं बरंचसं कानाभोवतीच घडलं.

डॉल्फिनच्या मेंदूत वासाचे ते दोन कंद नाहीतच. श्वास फक्त पाण्याबाहेर घ्यायचा, तर नाकाने हुंगणार काय? दातवाल्या देवमाशांत वासाचा सगळा विभागच उठून गेला. त्याची जागा आवाजाने घेतली. कानातून मेंदूकडे जाणारी चेता त्यांच्यात चांगलीच जाड असते आणि आवाजाचं काम करणारी मधल्या मेंदूतली केंद्रं आपल्या मानाने अवाढव्य असतात.

डॉल्फिन आवाजाने बघतो, हे आपण ऐकलेलं असतं. ते चालतं कसं ते थोडं थांबून समजून घ्यायला हवं. त्याच्या डोक्यावरच्या श्वासछिद्राच्या खाली, नाकाच्या वाटेत, ओठांसारख्या दोन घड्या असतात. त्यांतून हवा दाबून गेली की 'टिक' असा आवाज निघतो. कपाळावरचा फुगीर भाग चरबीने भरलेला असतो आणि तो भिंगासारखं काम करतो. भिंगाने उन्हाचा झोत करतात तसा हा आवाजाचा झोत करतो. समोरच्या माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी डॉल्फिन खालच्या जबड्यातून घेतो. तिथल्या चरबीतून तो आतल्या कानापर्यंत पोहोचतो. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही, डॉल्फिनला १५० पर्यंत येतं. शिवाय पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. प्रतिध्वनी इतक्या झटपट परत येणार असतील तर ते वेगवेगळे ओळखणारा मेंदूही तितकाच चपळ हवा.

तो किती चपळ आहे हे मोजायची पद्धत आपल्या ओळखीची आहे. ठाण्या-नवी मुंबईत हल्ली तान्ह्या बाळाची ऐकण्याची 'बेरा' तपासणी करतात. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, कानात टिकटिक वाजवून, मेंदूकडून उत्तर येतंय का ते बघतात. डॉल्फिनवर हीच तपासणी करतात. फरक इतकाच की इलेक्ट्रोड रबराच्या छोट्या वाट्यांत बसवलेले असतात आणि त्या वाट्या त्याच्या ओल्या कातडीला पकडून बसतात. भिंतीला चिकटवायचे हुक असतात ना, तशा. ना सुई, ना जखम. या तपासणीत दिसतं की सेकंदाला जवळपास हजार टिकटिकींचा वेगही डॉल्फिनच्या मेंदूचा खालचा भाग पकडू शकतो.

आपला ठाणे खाडीचा अनुभव आठवा. पावसाळ्यात काय, एरवीही पाणी इतकं गढूळ की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. आपल्या किनाऱ्यालगत जे कुबडवाले डॉल्फिन राहतात, ते अशाच उथळ, गाळाच्या पाण्यात आयुष्य काढतात. तिथे डोळ्याचा उपयोग किती? गंगेतल्या डॉल्फिनने तर डोळ्याचा नाद जवळजवळ सोडूनच दिला. २००९ मध्ये भारताने ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणून निवडलं त्या या प्राण्याच्या डोळ्यात भिंगच नसतं.

आता मेंदूच्या वरच्या थराबद्दल. त्याला कॉर्टेक्स म्हणतात, विचार, भाषा, आठवण वगैरेंशी आपण त्याचा संबंध जोडतो. डॉल्फिनचा कॉर्टेक्स आपल्यापेक्षा जास्त वळ्यावळ्यांचा आहे. पण जाडी कमी. आपली अडीच-तीन मिलिमीटर, त्याची दीड-पावणेदोनच्या घरात. मोठी चादर, पण पातळ, आणि खच्चून घड्या घालून भरलेली. आपल्या कॉर्टेक्सला सहा थर असतात आणि डोळा-कानाकडून येणारी बातमी मुख्यतः चौथ्या थरात उतरते. डॉल्फिनमध्ये तो चौथा थर जवळपास नाहीच. म्हणजे बातमी दुसऱ्या दारातून आत येते. घराचा नकाशाच वेगळा. आपल्या घराच्या नकाशावर बोट ठेवून "यांचं स्वयंपाकघर कुठे दिसत नाही, म्हणजे हे उपाशी असणार" असं म्हणण्यात अर्थ नाही. तीच चूक बरीच वर्षं होत आली.

पेशींची मोजणीही झाली आहे. लांब परांच्या पायलट व्हेलच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे ३,७०० कोटी चेतापेशी असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसात हा आकडा मोजायच्या पद्धतीनुसार १,६०० ते २,००० कोटींच्या आसपास येतो. शिवाय २००६ मध्ये कुबड्या देवमाशाच्या मेंदूत चातीसारख्या लांबट 'फॉन इकोनोमो' पेशी सापडल्या. माणसात त्या जिथे असतात त्या भागांचा संबंध भावनांशी आणि दुसऱ्याचं मन ओळखण्याशी जोडला जातो. बातमी फुटली आणि लगेच 'देवमाशांना माणसासारखं प्रेम कळतं' असे मथळे. देवमासे समाजशील आहेत यात मला शंका नाही. पण त्याच पेशी २०१५ मध्ये गायीत, मेंढीत, घोड्यात, डुकरातही सापडल्या. आता एक तर मेंढीलाही तेवढाच मान द्यावा, नाही तर एका पेशीवरून कुणाच्या मनाचं सर्टिफिकेट लिहू नये. मला दोन्ही करावंसं वाटतं.

मेंदू कशाकरता घडला हे ज्या एका गोष्टीत सगळ्यात उघड दिसतं, ती म्हणजे श्वास. आणि ती गोष्ट कळली फार वाईट प्रकारे.

१९५५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जॉन लिली आणि इतर काही शास्त्रज्ञ डॉल्फिनच्या मेंदूचा नकाशा काढायला जमले. त्यासाठी डॉल्फिनला भूल द्यायची होती. भूल दिली आणि डॉल्फिन मेला. दुसरा मेला. एकूण पाच गेले. माणूस, कुत्रा, बोकड, कुणालाही बेताची भूल दिली तर श्वास आपोआप चालू राहतो, कारण ते काम मेंदूच्या देठातली यंत्रणा आपल्याला न विचारता करते. डॉल्फिनचा श्वास तसा चालत नाही. पाण्याखाली चुकून श्वास घेतला तर बुडून मरण आहे, म्हणून त्याच्या मेंदूने श्वास ठरवून घ्यायची गोष्ट केली. वर यायचं, डोकं पाण्याबाहेर आलंय याची खात्री करायची, झडप उघडायची, श्वास सोडायचा, घ्यायचा, झडप मिटायची. शुद्ध हरपली की हे ठरवणारं कुणी राहत नाही. त्या पाच जिवांनी शिकवलेला धडा पुढच्या शास्त्रज्ञांनी लक्षात ठेवला आणि डॉल्फिनला भूल देताना कृत्रिम श्वासाची सोय आधी केली.

मग पुढचा प्रश्न उभा राहतो. जो प्राणी प्रत्येक श्वास ठरवून घेतो, तो झोपतो कसा?

उत्तर मिळालं सोव्हिएत रशियात, काळ्या समुद्राच्या काठी. लेव्ह मुखामेतोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये डॉल्फिनच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे विद्युत आलेख प्रसिद्ध केले. एका बाजूला गाढ झोपेच्या मोठ्या, संथ लाटा. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला जागेपणीची बारीक, घाईची रेघ. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो, आणि मग पाळी बदलते! झोपलेल्या बाजूचा विरुद्ध डोळा बहुधा मिटलेला असतो, दुसरा उघडा. आपल्या भागात एमआयडीसीत शिफ्टने काम करणारी माणसं घरोघरी आहेत. एकाच कवटीत दोन शिफ्ट चालवायची कल्पना त्यांना सांगितली की ते आधी हसतात आणि मग गप्प होतात.

या पद्धतीत दम किती आहे तेही तपासलं गेलं. डॉल्फिन सलग पाच दिवस, रात्रंदिवस, आवाजातला बारीक फरक ओळखत राहिले आणि त्यांची अचूकता घसरली नाही. २०१२ च्या एका प्रयोगात तर एक डॉल्फिन १५ दिवस प्रतिध्वनीने पहारा देत होता. आणि नवजात पिल्लू नि त्याची आई पहिला महिनाभर जवळजवळ थांबतच नाहीत. बाळंतिणीची झोप मोडते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, पण तिथे थांबलं तर पिल्लू बुडेल.

सीलची गोष्ट आणखी वेगळी, कारण तो दोन्हीकडचा. केसाळ फर सील जमिनीवर असला की आपल्यासारखा अख्खा मेंदू झोपवतो. पाण्यात उतरला की अर्धाच. त्या वेळी तो कुशीवर तरंगतो आणि एक पुढचा पर हलवत राहतो. परिस्थिती बदलली की झोपेची रीतच बदलते. ओलेग ल्यामिन आणि जेरोम सीगल यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की पाण्यात असेपर्यंत त्याची स्वप्नांची झोप, ज्याला रेम झोप म्हणतात, ती जवळजवळ नाहीशी होते. दोन आठवडे गेले तरी. आणि जमिनीवर परतल्यावर तो ती बुडालेली झोप फारशी भरूनही काढत नाही. स्वप्नांवाचून मेंदू बिघडतो, असं आपण ठामपणे शिकवायचो. माझ्या स्वतःच्या नोट्समध्ये ते वाक्य होतं. ते मी खोडलं.

हत्ती सील मात्र दोन्ही बाजू एकदम झोपवतो. २०२३ मध्ये जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात या सीलच्या डोक्यावर टोपीसारखं यंत्र चिकटवून समुद्रात त्यांच्या मेंदूचे आलेख मिळवले. समुद्रात हे प्राणी दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात, तेही दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांत. खोल सूर मारायचा, शिकारी शार्क फिरकत नाही तिथवर जायचं आणि झोपून जायचं. आधी गाढ झोप येते, मग रेम झोपेत शरीर सैल पडतं, प्राणी उलटा होतो आणि गळणाऱ्या पिंपळपानासारखा गरगरत खाली जातो. मग जाग येते, वर येतो. असं सात-सात महिने. किनाऱ्यावर आल्यावर तोच प्राणी दिवसाला दहा तासांवर झोपतो.

रक्तदाबाची एक अडचण आहे, तीही सांगतो, कारण ती वाशीच्या घाऊक बाजारात डोळ्यांनी दिसते. माथाडी कामगार पोतं पाठीवर घेताना श्वास रोखतो, त्या क्षणी त्याच्या मानेच्या शिरा टरारतात. दाब डोक्याकडे चढतो. देवमासा पाण्याखाली श्वास रोखूनच असतो आणि शेपटी वरखाली मारत असतो. दर फटक्याला रक्ताचा एक धक्का मेंदूकडे जातो. घोडा धावतो तेव्हा श्वासावाटे हा दाब मोकळा होतो, देवमाशाला तो मार्ग बंद. त्यांच्या मणक्याभोवती आणि कवटीच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं गुंताड्यासारखं जाळं असतं. शरीरशास्त्रज्ञांनी त्याला शेकडो वर्षांपूर्वी 'अद्भुत जाळं' असं नाव देऊन ठेवलं होतं, काम मात्र नीट सांगता येत नव्हतं. २०२२ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी गणिती प्रतिमान करून दाखवलं की धमनीतला धक्का हे जाळं शिरेच्या बाजूलाही पोहोचवतं. दोन्हीकडे दाब सारखाच वाढला की मधल्या नाजूक मेंदूवर ताण पडत नाही.

आता हे सगळं अभ्यासायचं कसं? जिवंत प्राण्यावर वाट्या लावून काही कळतं, पण आतली रचना बघायची तर मेंदू हातात यायला हवा. मेंदूसाठी प्राणी मारण्याचा काळ, सुदैवाने, बहुतेक जगात संपला. मग उरतो तो एकच मार्ग, किनाऱ्याला लागलेलं मृत जनावर. आणि तिथे घड्याळ चालू असतं.

चरबीची गोधडी जिवंतपणी ऊब धरते, मेल्यावरही धरते. उन्हात पडलेलं शरीर आतून शिजायला लागतं. मेंदू हा आधीच लोण्यासारखा. काही तासांतच तो ढेपाळायला लागतो आणि मग कवटी उघडल्यावर वाहून जातो. वेळेत पोहोचलं तर मानेच्या पहिल्या मणक्यापाशी डोकं वेगळं करायचं, कवटी मागच्या बाजूने करवतीने उघडायची, चेता एकेक कापत मेंदू सावकाश सोडवायचा आणि भरपूर फॉर्मालिनमध्ये आठवडे न आठवडे बुडवून ठेवायचा. मग तो घट्ट होतो, चीजच्या ढेपेसारखा, आणि वर्षानुवर्षं टिकतो.

टिकतो म्हणजे किती? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला लागलेल्या दोन डॉल्फिनचे मेंदू दहा वर्षांहून जास्त काळ फॉर्मालिनमध्ये पडून होते. २०१५ मध्ये एमोरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने ते एमआरआय यंत्रात ठेवले आणि आतल्या तारांची दिशा शोधणारी खास पद्धत वापरली. दिसलं काय, तर आवाज मेंदूत एकाच ठिकाणी पोहोचतो ही जुनी समजूत अपुरी होती. कॉर्टेक्समध्ये दुसऱ्या एका ठिकाणी, कानशिलाच्या भागातही त्याची वाट जाते. आपल्यात, वटवाघळात आवाजाचं काम ज्या भागात होतं, तोच हा भाग. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी वाळूत उभं राहून नीट करवत चालवली होती, म्हणून हे कळलं.

मी एकदा उरणच्या बाजूला किनाऱ्यावर असा एक डॉल्फिन पाहिला. कातडी सोलवटलेली, बाजूला दोन कुत्री, आणि दुपारपर्यंत जेसीबीने खड्डा खणून त्याला पुरलं. पुरणाऱ्यांची चूक नव्हती. दुर्गंधी सुटली होती, लोक गोळा झाले होते, कुजणारं जनावर ठेवून काय करणार? मी मात्र त्या खड्ड्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. त्या कवटीत आपल्याच खाडीचं पाणी ऐकलेला मेंदू होता. त्याला मरण जाळ्यात आलं, आजाराने आलं की बोटीचा मार बसून, तेही त्यात वाचता आलं असतं.

आजारही वाचता येतात, हे खोटं नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या २२ दातवाल्या देवमाशांचे मेंदू तपासून २०२२ मध्ये जाहीर झालं की त्यांतल्या तीन म्हाताऱ्या प्राण्यांत माणसाच्या अल्झायमर आजारात दिसतात तसे बदल होते. कॅलिफोर्नियात एका सूक्ष्म शेवाळाचं विष माशांवाटे सी लायनच्या पोटात जातं आणि मेंदूतला आठवणींचा भाग करपवतं. त्यांना फेफरं येऊ लागतं. क्रोनट नावाच्या अशाच एका सी लायनच्या मेंदूत ऑक्टोबर २०२० मध्ये डुकराच्या चेतापेशी रोवण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याचे झटके थांबले.

मुलीच्या प्रश्नाकडे यायला हवं. डॉल्फिनचा मेंदू इतका मोठा का, यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचं भांडण आहे. दक्षिण आफ्रिकेतले पॉल मँगर यांनी २००६ मध्ये मांडलं की हा मेंदू मोठा झाला तो थंड पाण्यात स्वतःला ऊब देण्यासाठी. त्यात उष्णता निर्माण करणाऱ्या आधारपेशी भरपूर आहेत, हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही. लोरी मरिनो आणि इतरांनी पुढच्याच वर्षी सडेतोड उत्तर दिलं, की वागणुकीचा एवढा पुरावा डोळ्यांआड कसा करता? माझा कल मरिनोंकडे आहे. मँगर यांनी उचललेला मुद्दा महत्त्वाचा आहे, गरम राहणं ही मेंदूची खरीच गरज आहे. पण न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या दोन डॉल्फिननी २००१ मध्ये आरशात बघून अंगावरची खूण न्याहाळली होती. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी शीळ असते, आपल्या नावासारखी, आणि ती कुणी वाजवली की तो उत्तर देतो. २०१३ मध्ये जेसन ब्रुक यांनी दाखवलं की वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळ डॉल्फिन ओळखतात. हे काम निव्वळ शेगडीचं नाही.

त्याच २०१३ मध्ये, मे महिन्यात, केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ दाखवणारी केंद्रं आपल्या देशात नकोत असं पत्रक काढलं. त्यासाठी दिलेल्या कारणांत त्यांच्या बुद्धीचा उल्लेख होता. मला त्या कागदाचा अभिमान वाटतो. पण टाकीत ठेवलं नाही म्हणजे काम संपलं असं नाही. कानावर जगणाऱ्या प्राण्याच्या घरात आपण बार्जेस चालवतो, खांब ठोकतो, गाळ उपसतो. पाण्याखालचा हा गोंगाट आपल्याला पुलावरून ऐकू येत नाही.

एक कामाची गोष्ट. देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. किनाऱ्यावर किंवा खाडीत मेलेला दिसला तरी हात लावू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा, तास वाया घालवू नका. जिवंत असेल तर शेपटीला धरून ओढू नका. ओल्या कापडाने अंग झाका, पण डोक्यावरचं छिद्र उघडं ठेवा, त्यात वाळू किंवा पाणी जाऊ देऊ नका. का, ते आता सांगायला नको.

गेल्या डिसेंबरात दिवाळे कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या नाखव्यांच्या होडीतून आम्ही घारापुरीच्या दिशेने गेलो होतो. मुलगी पुढे बसली होती. नाखव्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "पोरी, गप बस, कान दे." बराच वेळ नुसतं पाणी होडीला थडथडत होतं. मग उजवीकडे, वीसेक हातांवर, 'फुस्स' असा आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी होता होता राहावी तसा. राखाडी पाठ, तिच्यावरचं कुबड, आणि पाणी परत मिटलं. "मासा नाय तो," नाखवा म्हणाले. "मासा कधी दम घ्यायला वर येतो का?"

मुलीने माझा हात धरला आणि हळू आवाजात मोजायला सुरुवात केली. त्रेपन्नला तो परत वर आला.